सातातले सहा

२८ ऑक्टोबर

शेवटी माझ्याच गळ्यात मारलं. कुलसचिवांनी बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. विद्यापीठात एचआयव्ही जागृती मंच सुरू करायचाय, एक डिसेंबरच्या एड्स दिनापर्यंत काहीतरी ठोस दिसायला हवं, आणि प्रमुख म्हणून तुमचं नाव एकमताने पुढे आलं, असं म्हणाले. एकमताने म्हणजे बाकी सगळ्यांनी हात झटकले. मी म्हटलं, मी संख्याशास्त्र शिकवते, मुलींचं वसतिगृह सांभाळते, मीच का? तर म्हणतात, "मॅडम, तुमच्यामागे संसाराचा व्याप नाही ना. वेळ असतो."

वेळ असतो! जसं काही एकट्या बाईचे दिवस इतरांपेक्षा लांब असतात. असतात, पण ते यांना कशाला सांगू?

दुपारी नेहमीसारखी ग्रंथालयामागच्या बाकावर चहाला गेले. ग्रंथपाल आधीच येऊन बसले होते, मांडीवर आपला निळा कप घेऊन. गेली चार वर्षं हा माणूस माझ्याबरोबर चहा पितो. थर्मास माझा, पण कप त्यांचा स्वतःचा, घरून आणलेला, स्वतःच्या हाताने विसळलेला. माझ्या डब्यातलं काही दिलं तर मी खायच्या आधी थोडं वेगळं काढून घेतील, नाहीतर नको म्हणतील. इतका चोखंदळ पुरुष मी जन्मात पाहिला नाही. मी पुष्कळ चिडवते. ते नुसते हसतात.

मंचाचं सांगितल्यावर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पोस्टर लावा, भाषणं करा, फोटो काढा आणि दोन तारखेला विसरून जा. सगळे तेच करतात."

मी म्हटलं, "मी सगळ्यांतली नाही."

"तीच तर भीती आहे," म्हणाले. काय खवचट बोलतात कधी कधी!

२ नोव्हेंबर, रविवार

वहिनीचा फोन. दादाचा गुडघा, भाचीची परीक्षा, शेजारच्यांचं कुत्रं. मग नेहमीचं: "आणि तुमचे ते पुस्तकवाले काय म्हणतात?" मी म्हटलं, काय म्हणणार, चहा पितात. "चार वर्षं नुसता चहाच?" म्हणाली आणि खिदळली. पन्नाशीच्या नणंदेला असं चिडवायला हिला काही वाटत नाही. मी फोन ठेवला. मग उगाच कपाट आवरलं.

खरं सांगायचं तर त्यांच्या आयुष्यात कोणीतरी असावं. महिन्यातून एक दिवस न चुकता रजा टाकतात आणि पहिल्या बसने शहरात जातात. विचारलं तर म्हणे बहिणीकडे. बहिणीकडे जाणारा माणूस कधीतरी भाच्यांसाठी खाऊ तरी नेईल! हे रिकाम्या पिशवीने जातात आणि दुसऱ्या दिवशी थकलेले असतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली म्हणतात. असेना का कोणी. मला काय करायचंय? पण चार वर्षांत एकदा नाव तरी सांगावं माणसाने.

५ नोव्हेंबर

पहिलं भाषण वाणिज्य शाखेत. पोरं आधी खी खी करत होती. मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: हात मिळवल्याने होतो का? एका ताटात जेवल्याने? डास चावल्याने? प्रत्येकाला हात वर करायला लावले. डासाला निम्म्या वर्गाने हात वर केले. म्हटलं, तुम्ही उद्या बँका चालवणार? वर्ग हसला, पण मग ऐकायला लागला. एका मुलीने विचारलं, उष्टा चहा प्यायला तर? मी म्हटलं, खुशाल पी, फार तर सर्दी होईल.

बरं बोलले मी. बाहेर आल्यावर हे कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, म्हणून सरळ ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांना पोस्टरचा कच्चा मसुदा दाखवला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि "एड्सग्रस्त" हा शब्द खोडला. वर लिहिलं, "एचआयव्हीसह जगणारी माणसं". मी म्हटलं, एवढं लांबलचक पोस्टरवर मावत नाही. म्हणाले, "मग अक्षर लहान करा." मग आणखी एक वाक्य घालायला सांगितलं: औषधं नियमित घेतली की रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी होतो, आणि तेवढा कमी राहिला की शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. मी म्हटलं, हे वाचून पोरं बेफिकीर होतील. भीती थोडी राहू दे.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बघा," म्हणाले.

"तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?"

"ग्रंथपाल आहे. वाचतो."

वाक्य मी घातलं नाही. "गोपनीयता हा प्रत्येकाचा हक्क आहे" एवढं मात्र ठळक अक्षरात टाकलं. ते विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

११ नोव्हेंबर

कल्पना सुचली! आंघोळ करताना सुचली आणि केस तसेच ओले ठेवून लिहून काढली. नुसत्या भाषणांनी काय होणार? लोकांनी तपासणी करून घेतली पाहिजे, आणि ती लपवायची नाही, मिरवायची. जो कोणी आपल्या दवाखान्यात येऊन रक्त देईल त्याला एक पिवळा बिल्ला: "मी तपासणी केली. तुम्ही?" निकाल काय आला याच्याशी बिल्ल्याचा संबंध नाही. म्हणजे भेदभावाचा प्रश्नच मिटला. शिवाय प्रत्येक विभागाची टक्केवारी मुख्य दारापाशी फलकावर लावायची. चढाओढ लागली की माणसं धावतात.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंड वाकडं केलं. "तपासणी करा की," म्हणाल्या, "पण बिल्ला कशाला? ज्याने आधीच कुठेतरी करून घेतली असेल, त्याने काय करायचं?"

"पुन्हा करायची. त्यात काय आहे? एक थेंब रक्त."

"आणि ज्याला करायचीच नसेल?"

"त्याला समजवायचं. त्यासाठीच तर मंच आहे."

त्यांनी पुढचा रुग्ण आत बोलावला. चांगल्या बाई आहेत, पण उत्साह नावाला नाही. कुलसचिवांना मात्र कल्पना भलतीच आवडली. पहिल्यांदा मला "वा!" म्हणाले. या इमारतीत मला शेवटचं वा कोणी म्हटलं होतं ते आठवत नाही.

१७ नोव्हेंबर

दवाखान्यापुढे रांग! खरोखरची रांग. मुलं बिल्ले लावून फोटो काढतायत. वसतिगृहातल्या मुली, ज्या मला पाठीमागे फौजदारीण म्हणतात (मला ठाऊक आहे), त्या आज जेवणघरात माझ्या टेबलावर येऊन बसल्या आणि बिल्ले दाखवायला लागल्या. एरवी मी बसले की ते टेबल आपोआप रिकामं होतं. आज जागा पुरेना. मी दोनदा आमटी वाढून घेतली, भूक नसताना.

फलकावर भूगोल विभाग शंभर टक्के. भूगोलाचे प्राध्यापक छाती काढून फिरतायत. ग्रंथालय सातातले सहा. एक माणूस उरलाय, नाहीतर तेही शंभर.

तो एक कोण हे सांगायला नको. आपलेच चोखंदळ महाराज.

२० नोव्हेंबर

आज बाकावर मी विषय काढला. म्हटलं, "तुमच्यामुळे ग्रंथालयाचं नाक कापलं जातंय. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी येते बरोबर, हवं तर हात धरते."

म्हणाले, "नको."

"सुईला घाबरता?"

"नाही."

"मग घोडं कुठे अडलंय?"

त्यांनी कप बाजूला ठेवला. "मॅडम, सातातले सहा असं दारावर लावलंत. सातवा कोण हे शोधायला संख्याशास्त्र लागत नाही. तुम्हीच वर्गात शिकवता ना, गट लहान असला की टक्केवारी जाहीर करायची नाही, माणूस ओळखू येतो?"

मला इतका राग आला! मला माझाच विषय शिकवतात. म्हटलं, "तो नियम रोग्यांच्या आकड्यांना. इथे नुसती तपासणी मोजतोय आपण. ज्याच्या मनात काही नाही त्याला लपवायचं कारण काय?"

ते उठले आणि गेले. कपात चहा अर्धा तसाच होता. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी थर्मास घेऊन बसून राहिले, घंटा होईपर्यंत. चुकलं का माझं काही? छे. बोलण्याची पद्धत चुकली असेल, म्हणणं चुकलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

ग्रंथालयाच्या पायरीवर कोणीतरी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: सातवा कोण?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतः ओला फडका घेऊन पुसलं. ही नतद्रष्ट कार्टी! आपण एवढ्या तळमळीने काम करायचं आणि यांनी त्याची थट्टा करायची. दिवसभर चौकशी केली, कोणी कबूल होईना.

आत वाचनकक्षात पाहिलं तर देवघेवीच्या खिडकीजवळची टेबलं रिकामी. मुलं सगळी पलीकडच्या भिंतीला दाटीवाटीने बसलेली. तिकडे ऊन चांगलं येतं म्हणून असेल. ग्रंथपाल मान खाली घालून कार्डं लावत होते. मी हात केला. त्यांनी पाहिलं नसावं.

चहाला आले नाहीत.

२४ नोव्हेंबर

दार लावून लिहायला बसले आहे.

आजही बाकावर आले नाहीत, तेव्हा मीच आत गेले. मागच्या दालनात, जुन्या नियतकालिकांच्या कपाटांमध्ये उभे होते. मी म्हटलं, "हे काय चाललंय तुमचं? रुसायचं वय आहे का आपलं? काय ते स्पष्ट सांगा."

त्यांनी दार लोटलं आणि सांगितलं. एचआयव्ही आहे. अठरा वर्षं झाली. रोज एक गोळी. महिन्यातून एकदा शहरातल्या रुग्णालयात जातात, औषधं आणायला. बहीण आहे, पण अठरा वर्षांत तिने घरात घेतलेलं नाही. दारात उभं राहून बोलते.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "कसं झालं?"

ते हसले. असलं हसू कोणाच्या वाट्याला येऊ नये. "सगळे हेच पहिलं विचारतात," म्हणाले. "ताप आहे म्हटलं तर कसा आला म्हणून कोणी विचारत नाही."

मग मी बरंच काही बोलले. की मला काही फरक पडत नाही, की मी यातलं सगळं जाणते, की आपण जसे होतो तसेच आहोत. ते ऐकत होते. माझं भाषण संपल्यावर म्हणाले, "तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही विचारायचं थांबत नाही, आणि तुमच्याशी खोटं बोलायचा मला कंटाळा आलाय. याआधी दोन गावं सोडली मी. दोन्हीकडे सुरुवात एका माणसापासून झाली. इथे कोणाला ठाऊक नाही. हे इथेच राहू दे."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे, म्हणून तर सांगितलं."

खोलीवर आले आणि एकदम आठवलं की गेल्या पावसाळ्यात माझा कप फुटला होता, तेव्हा मी त्यांच्याच कपातून चहा प्यायले होते. ते नको नको म्हणत होते आणि मी हसून हिसकावून घेतला होता. शेकडो पोरांना मी सांगितलंय की उष्ट्याने काही होत नाही, खुशाल प्या म्हणून. आणि मी आरशात जीभ काढून बघितली. स्वतःची लाज वाटली. रडले. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

आणि मी मनात म्हणत होते, शहरात कोणी बाई असेल.

२५ नोव्हेंबर

चहाला आले. मी डबा उघडून मध्ये ठेवला. त्यांनी आधी वेगळं काढून न घेता सरळ हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. मीही हात घातला. बस, एवढंच. पण किती दिवसांनी माझ्या बेचव डब्याला चव आली.

फलकावरून ग्रंथालयाची ओळ काढून टाकली आहे. शिपाई म्हणाला, "ओळ गेली म्हणून सगळे विचारतायत." विचारू देत.

२७ नोव्हेंबर

आज मी जिंकले. खरंच जिंकले.

दुपारी एक डिसेंबरच्या तयारीची बैठक. कुलगुरू, कुलसचिव, सगळे विभागप्रमुख, डॉक्टरीणबाई. शेवटी कुलसचिवांनी घसा खाकरला. म्हणाले, ग्रंथालयाबद्दल पोरांत कुजबुज आहे, वाचनकक्षात गर्दी कमी झाली, दोन पालकांचे फोन आले. ग्रंथपालांनी एकदाची तपासणी करून घ्यावी आणि विषय मिटवावा, नाहीतर वातावरण निवळेपर्यंत त्यांना मागच्या पुस्तकांच्या गोदामात बसवू.

यावर भूगोलाचे प्राध्यापक म्हणाले, "अहो, त्यांना काही नसणार. सुईला घाबरत असतील! मागे साखर तपासायचं शिबिर झालं, तेव्हाही पळाले होते." सगळे खो खो हसले. कुलगुरूसुद्धा. "असं असेल तर सोडा हो," म्हणाले आणि कागद आवरायला लागले.

मला सहन होईना. एका माणसाच्या अठरा वर्षांची यांना चेष्टा! मी उभी राहिले. म्हटलं, "हसता काय? अठरा वर्षं तो माणूस रोज गोळी घेऊन, एक दिवस कामात कसूर न करता जगतोय, आणि तुम्ही त्याला गोदामात टाकायला निघालात? एचआयव्ही असणं हा गुन्हा आहे का? दारावर बिल्ले वाटायचे आणि आत हे? काउंटरवरून हलवाल तर मी हा मंच आणि वसतिगृह दोन्ही आत्ता सोडते!"

भूगोलवाल्यांचा चेहरा उतरला. मग कुलगुरू उठले. म्हणाले, मॅडमनी आज आपल्या सगळ्यांचे डोळे उघडले. ठराव एकमताने मंजूर: ग्रंथपाल आपल्या जागेवरच राहतील आणि विद्यापीठ त्यांच्या पाठीशी ठामपणे उभं राहील. टाळ्या वाजल्या. कोणी डोळे पुसत होतं. डॉक्टरीणबाई तेवढ्या टाळ्या न वाजवता बसून होत्या, कपाळाला हात लावून. त्यांना डोकेदुखीचा त्रास आहेच.

धावत ग्रंथालयात गेले. आज त्यांचा रुग्णालयाचा दिवस. बातमी पोटात घेऊन बसले आहे. कधी एकदा सांगते असं झालंय. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलेलं नाही. वहिनीला फोन करून सांगावं असं आलं होतं मनात, पण मग म्हटलं, नको, वचन दिलंय.

२९ नोव्हेंबर

काल ते आले नाहीत. आज बाकावर बसलेले दिसले. कप आणलेला नव्हता.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, ठराव, टाळ्या, भूगोलवाल्यांचा चेहरा. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बैठकीला किती जण होते?"

"पंधरा-सोळा असतील."

"तुम्ही उभ्या राहायच्या आधी त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?"

मी मोजायला लागले. सवय आहे ना. कुलगुरू? नाही. कुलसचिव? त्यांना नुसती कुजबुज ठाऊक. भूगोलवाले तर सुईचं म्हणत होते. डॉक्टरीणबाईंकडे ते कधी गेलेच नाहीत. मी एकेक चेहरा आठवत गेले, शेवटच्या खुर्चीपर्यंत.

"एक," मी म्हटलं. "मी."

"हं," म्हणाले.

मी म्हटलं, मी तुमच्या बाजूने बोलत होते. म्हणाले, ठाऊक आहे. मी म्हटलं, ते तुम्हाला गोदामात बसवणार होते. म्हणाले, "बसलो असतो. तिथे उजेड कमी आहे, पण पुस्तकं आहेत. दोन महिन्यांनी सगळे विसरले असते. सुईला घाबरणारा म्हातारा म्हणून हसले असते. हसू दे की. तसं हसलेलं चालतं मला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. मान हलवली त्यांनी. पण ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही विचारलं नाही.

१ डिसेंबर

समारंभ झाला. सभागृह भरलं होतं. कुलगुरूंना ग्रंथपाल व्यासपीठावर हवे होते, "आपल्या विद्यापीठाचं धैर्य" म्हणून. दोनदा माणूस पाठवला. त्यांनी निरोप दिला की ग्रंथालय उघडं आहे, बंद ठेवता येत नाही. तेव्हा त्यांच्याऐवजी माझाच सत्कार झाला. मी भाषण लिहून नेलं होतं. वाचलं नाही. माईकपुढे उभी राहून म्हटलं, बिल्ले काढून ठेवा. बिल्ला कोणी लावलाय हे बघताना आपण कोणी लावला नाही तेच बघत होतो, आणि ते मीच तुम्हाला शिकवलं. लोकांना वाटलं, हा भाषणाचा भाग आहे. टाळ्या वाजवल्या. बिल्ले कोणी काढले नाहीत.

स्मृतिचिन्ह कपाटावर ठेवलंय, भिंतीकडे तोंड करून.

५ डिसेंबर

देवघेवीच्या खिडकीपुढे आता गर्दी असते. मला आधी बरं वाटलं. मग जवळ जाऊन बघितलं. लोक येतात, हात पुढे करतात, हात मिळवतात, आजूबाजूला बघतात आणि जातात. प्राध्यापक, कारकून, पोरं, पोरी. एकाने मिठी मारली आणि मित्राला फोटो काढायला लावला.

गर्दी ओसरल्यावर मी खिडकीशी गेले. ते दिवसभर दाबून दुखावलेल्या हातांना मलम चोळत होते. म्हणाले, "पूर्वी लोक पुस्तक मागायला येत होते. आता हात मिळवायला येतात. आज दिवसभरात एकही पुस्तक गेलं नाही."

मी म्हटलं, मी त्यांना सांगते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

बदलीचा अर्ज दिलाय म्हणाले. दूरच्या उपकेंद्रात, जिथे ग्रंथालय म्हणजे एक खोली आहे. कुलसचिव जाऊ नका म्हणून गळ घालतायत, विद्यापीठाचं नाव झालंय म्हणे. पण मंजूर होईल. वहिनीने फोनवर विचारलं, पुस्तकवाले काय म्हणतात? मी म्हटलं, बदली झाली. "अगंबाई," म्हणाली आणि दादाच्या गुडघ्याचंही न काढता फोन ठेवला. एरवी तिचं तोंड बंद होत नाही. मला तिच्याशी बोलायचं होतं. काय सांगणार?

१२ डिसेंबर

आज त्यांचा शेवटचा दिवस. निरोप समारंभ नको म्हणाले होते. बाकावर मी गेले नाही. ते येणार नाहीत हे ठाऊक होतं, आणि आले असते तर मी काहीतरी बोलून बसले असते.

चार वाजता ग्रंथालयात गेले आणि रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. त्यांचा हात सवयीने पुढे आला. मी माझं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

"पुस्तक हवंय," मी म्हटलं.

"कोणतं?"

"कोणतंही. मला वाचता येईल असं. चांगलं जाडजूड द्या."

त्यांनी कार्ड हातात घेतलं. मग उठले, आत गेले, आणि बराच वेळ आले नाहीत. रांगेतली माणसं चुळबुळायला लागली. शेवटी आले ते एक कादंबरी घेऊन. फडक्याने धूळ पुसली, शिक्का मारला, तारीख घातली.

"पंधरा दिवसांत परत करा. उशीर झाला तर दंड पडतो. प्राध्यापकांनासुद्धा."

"तेव्हा कोण असेल इथे?"

"असेल कोणीतरी," म्हणाले आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. डोळे क्षणभर तसे होते, पूर्वी बाकावर असायचे तसे. की मला वाटलं तसं? ठाऊक नाही.

माझ्या मागे भूगोलाचे प्राध्यापक उभे होते. छातीवर पिवळा बिल्ला, तोंडभर हसू, आणि हात आधीच लांब केलेला. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी ते गिळलं आणि बाजूला झाले. ग्रंथपालांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याशी हात मिळवला.